वळताना रीसेट होणारा रोबो

प्रश्न : मी नागपुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा रोबो वळला की आर्डुइनो (रोबो चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो. शिवाय, प्रदर्शनात मांडण्याआधी पेटंटचा अर्ज करावा का?

उत्तर : मोटर सुरू होताना किंवा अडली की नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असेल तर आधी ती काढा, एवढा करंट देणं तिला झेपतच नाही. १८६५० प्रकारचे दोन रिचार्जेबल लिथियम-आयन सेल सिरीजमध्ये (एकापुढे एक) लावा. मोटर ड्रायव्हरच्या (मोटरला करंट पुरवणाऱ्या सर्किटच्या) सप्लायवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) आणि प्रत्येक मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडा. ग्राउंड (मायनसची जोडणी) मात्र सगळ्यांचा एकच हवा.

आणि हो, पेटंटचा अर्ज प्रदर्शनाआधीच करा; उघड केलेल्या कल्पनेचं नावीन्य जातं. तात्पुरता (प्रोव्हिजनल) अर्ज केल्यावर संपूर्ण तपशील दाखल करायला १२ महिने मिळतात.