पणजी पायी बघायची तर

एका दिवसात 'गोवा करून' कोल्हापूरला परतायचा बेत आहे ना तुझा? तसं करू नकोस. निदान एक सकाळ पणजीला दे. आणि गाडी पाटो भागातच लाव, फोंतेन्यश या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीच्या बोळांत ती डोकेदुखीच.

सातला नीघ, पुढे घामाच्या धारा लागतात. मांडवीकाठी आदिलशहाचा राजवाडा, म्हणजे जुनं सचिवालय. शेजारी आबे फारियांचा पुतळा. संमोहनाच्या अभ्यासात नाव काढलेला हा आपला गोंयकार. लोक सेल्फी काढून पळतात; तू थांब, त्याच्या हातांची ठेवण बघ.

पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या पायऱ्या वाटेतच आहेत. मुळात १५४१ चं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर; १६१९ मध्ये नव्याने बांधलं. वरची घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातली.

खरी मजा मात्र फोंतेन्यशमध्ये. नकाशा खिशात ठेव, चुकलास तरी ओरेंच्या खाडीशीच निघशील. सेंट सेबास्तियनच्या कपेलात (१८१८) क्रूसावरचा ख्रिस्त उघड्या डोळ्यांचा आहे. तो आधी इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यात होता म्हणतात. रंगीत भिंतींचे फोटो काढ, पण ती राहती घरं आहेत. कुणाच्या दारातल्या सोप्यावर बसून पोझ देऊ नकोस, मला स्वतःला एका आजींनी चांगलंच फैलावर घेतलं होतं!

फेणी चालणं संपल्यावरच. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मार्च-एप्रिलात आलास तर उर्राक माग, ती काजूच्याच रसाची पण फेणीपेक्षा हलकी दारू असते, पण मोसमापुरतीच मिळते. पोटात आधी भाजी-पाव असू दे.