जुन्या मियाटामधला एसी काढून टाकावा का? काढायचाच झाला तर काम कसे करावे?

तुम्ही न्यू जर्सीत १९९२ सालची माझदा मियाटा (छत उघडता येणारी छोटी दोन-आसनी गाडी) जुनी विकत घेतली आहे, तिचा एसी थंड हवा देत नाही, आणि गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा खर्च सांगताना ‘त्यापेक्षा काढूनच टाका, गाडी हलकी होईल आणि पळेलही जास्त’ असा सल्ला दिला आहे. तो मानावा का आणि हे काम घरी जमेल का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्याकडे याच पिढीतली १९९१ ची गाडी आहे, ती मुख्यतः ट्रॅकवर चालते, आणि तिचा एसी मी स्वतः उतरवलेला आहे. तरीही रस्त्यावर नेहमी वापरायच्या गाडीचा एसी, तो खरोखर दुरुस्तीपलीकडे गेल्याची खात्री झाल्याशिवाय, काढू नये असे माझे मत आहे.

गाडी जास्त पळेल हा मुद्दा आधी बाजूला करतो. एसी बंद असताना कॉम्प्रेसरचा (म्हणजे एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाचा) क्लच, त्याला बेल्टच्या पुलीशी जोडणारा भाग, सुटलेला असतो आणि बेल्टबरोबर नुसती पुली आपल्या बेअरिंगवर फिरत असते, त्यामुळे इंजिनावर जाणवण्यासारखा भार नसतोच. तुमचा एसी तर चालतच नाही, म्हणजे त्याने खाल्लेली ताकद परत मिळण्याचा प्रश्नच येत नाही. वजनाचे म्हणाल तर कॉम्प्रेसर, त्याचा ब्रॅकेट, कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा), पाइप आणि डॅशबोर्डमागचा इव्हॅपोरेटर (केबिनची हवा थंड करणारी जाळी) मिळून वीस किलोच्या आसपास माल निघतो. एक टनाच्या आसपास वजन असलेल्या गाडीत हा फरक स्टॉपवॉचवर दिसू शकतो, पण ऑफिसला जाता-येता तो जाणवेल असे मला वाटत नाही. खरा लाभ निराळाच आहे: रेडिएटरच्या तोंडावरचा कंडेन्सर गेला की रेडिएटरला मोकळा वारा मिळतो, आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूला हात घालायला जागा होते.

आता तपासणीविषयी. एसीचे बटण दाबल्यावर क्लचचा ‘टक्’ असा आवाज आला नाही की कॉम्प्रेसर गेला, असे अनेकजण गृहीत धरतात, परंतु गॅसचा दाब ठरावीक पातळीखाली गेला तर प्रेशर स्विच क्लचला वीजच पोहोचू देत नाही, आणि तीस वर्षांच्या गाडीत दाब कमी होण्याचे कारण बहुतेक वेळा कडक झालेली एखादी ओ-रिंग (पाइपांच्या जोडातली रबरी कडी) किंवा कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील असते. पाइपांच्या जोडांकडे टॉर्चच्या उजेडात नीट पाहावे. जिथून गॅस गळतो तिथून त्याच्याबरोबर तेलही झिरपते, आणि त्या तेलावर धूळ बसून जोडाभोवती काळपट, चिकट कडे तयार होते. असे कडे एखाद्याच जोडावर दिसले आणि क्लचची पुढची तबकडी हाताने सहज फिरली, तर दुरुस्ती आवाक्यातली आहे असे समजावे. तुमच्या गाडीत मुळात आर-१२ हा जुना एसी गॅस असणार, कारण त्याच्या जागी आलेला आर-१३४ए मियाटात १९९४ च्या मॉडेलपासून आला. ड्रायर आणि ओ-रिंगा नव्या घालून, जुने तेल काढून टाकून आणि नव्या गॅसला चालणारे तेल भरून ही यंत्रणा आर-१३४ए वर नेता येते. थंडावा थोडा कमी मिळतो, पण एवढ्याशा केबिनला तो पुरतो. कॉम्प्रेसर जाम झाला असेल आणि त्याचा धातूचा चुरा सगळ्या पाइपांत पसरला असेल, तर मात्र गॅरेजवाल्याचे म्हणणे मान्य करायला हरकत नाही.

काढण्याचे ठरले, तर पहिले काम पान्याचे नसून गॅसचे आहे, आणि ते घरी करायचे नाही. एसी थंड करत नाही म्हणजे आत गॅस उरलेला नाही असे नव्हे, कारण वर सांगितलेला स्विच यंत्रणा पूर्ण रिकामी होण्याच्या बऱ्याच आधी क्लच तोडतो. आर-१२ ओझोनच्या थराला घातक आहे, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो वातावरणाला सुमारे दहा टन कार्बन डायऑक्साइडइतके तापवतो. अमेरिकेत तो जाणूनबुजून हवेत सोडणे १९९२ पासून बेकायदा आहे, आणि त्याच्या जागी आलेल्या गॅसांनाही हीच बंदी १९९५ पासून लागू आहे. शिवाय दाबाखालचा जोड अचानक मोकळा केला तर उसळणारा द्रव गॅस कातडी आणि डोळे गोठवतो, आणि ज्योतीशी संबंध आल्यास आर-१२ पासून विषारी वायू तयार होतात. म्हणून प्रमाणपत्रधारक तंत्रज्ञाकडे गाडी नेऊन गॅस यंत्राने ओढून घ्यावा आणि मगच जोड सोडावेत.

यानंतरचे काम सोपे असले तरी वेळखाऊ आहे. या गाडीत कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप एकाच बेल्टवर चालतात, त्यामुळे कॉम्प्रेसर काढल्यावर जुना बेल्ट लांब पडतो. कारखान्यातून एसीविना निघालेल्या, पण पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीचा आखूड बेल्ट मागवावा आणि स्टिअरिंग पंपाच्याच बोल्टांनी त्याचा ताण बसवावा. हा बेल्ट हातात आल्याशिवाय कामाला सुरुवात करू नये, नाहीतर मधल्या काळात स्टिअरिंग दगडासारखे जड होते. कॉम्प्रेसरचे बोल्ट गाडी स्टँडवर उचलून खालून सोडावे लागतात. कंडेन्सरसाठी मी रेडिएटरचे वरचे बोल्ट काढून तो इंजिनाकडे थोडा कलवला आणि पुढच्या फटीतून कंडेन्सर वर ओढला, त्यामुळे कूलंट सांडण्याची वेळ आली नाही. तेव्हा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या जाळ्यांच्या मध्ये वाळकी पाने, किडे आणि धूळ यांचा चांगला बोटभर जाडीचा थर निघाला, आणि उन्हाळ्यात सिग्नलला उभे राहिल्यावर तापमानाचा काटा का चढत होता याचा उलगडा झाला. (एसी ठेवणार असाल तरीही ही फट एकदा साफ करून घ्या.)

कंडेन्सरबरोबर त्याचा पंखा मात्र काढू नका. १.६ लिटर इंजिनाच्या गाड्यांत हा दुसरा पंखा केवळ एसीबरोबर चालतो, पण त्याचा रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) पहिल्या पंख्याच्या थर्मोस्विचला, म्हणजे इंजिन तापल्यावर पंखा चालू करणाऱ्या स्विचला, जोडून घेतला की गरम दिवशी रेडिएटरला दोन पंखे मिळतात. प्रेशर स्विच आणि क्लच यांचे मोकळे झालेले कनेक्टर टेप गुंडाळून बांधून ठेवावेत. ते कापू नयेत.

इव्हॅपोरेटरबाबत माझा सल्ला असा की तो जागेवरच राहू द्यावा. त्याची पेटी ग्लव्हबॉक्सच्या मागे, ब्लोअर आणि हीटर यांच्या मधोमध बसलेली असते, आणि हीटरची हवासुद्धा तिच्यातूनच जाते, त्यामुळे ती नुसती उपटली तर हीटर आणि समोरच्या काचेवरचा झोत दोन्ही कुचकामी होतात. या मॉडेलला सुरुवातीच्या काळात एसी पर्यायी होता, म्हणून ती जागा भरून काढणारी साधी नळी माझदाने बनवलेली आहे आणि ती भंगारातल्या गाडीतून मिळू शकते. पण दोन-तीन किलोंसाठी इतका खटाटोप ट्रॅकच्या गाडीपुरताच योग्य. पेटी ठेवली तर इंजिनाच्या बाजूला आलेल्या तिच्या दोन नळ्यांची तोंडे टोपणाने बंद करावीत. पेटी काढली तर फायरवॉलमधली (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातली) भोके रबरी ग्रोमेटने बुजवावीत, अन्यथा तिथून पाणी आणि इंजिनाचा वास केबिनमध्ये येतो.

उकाड्यापेक्षा पावसाचा विचार आधी करा. एसी हवा थंड करण्याबरोबर कोरडीही करतो, आणि छत लावलेल्या दोन माणसांच्या केबिनमध्ये भिजलेले कपडे घेऊन बसले की काचा मिनिटाभरात धुरकटतात. एसी नसेल तर हीटर पूर्ण गरम करून झोत काचेवर सोडणे आणि खिडकी बोटभर उघडी ठेवणे एवढाच उपाय उरतो. न्यू जर्सीच्या दमट ऑगस्टमधल्या पावसात तो किती सुखाचा वाटेल, याचा अंदाज तुम्हीच बांधू शकता.

उतरवलेला एकही भाग फेकू नका. पहिल्या पिढीच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांना आता मागणी आहे, आणि पुढचा ग्राहक ‘एसी कुठे आहे’ असे विचारेल तेव्हा खोक्यात नीट ठेवलेले सुटे भाग दाखवता आले तर किमतीची बोलणी सोपी जातात. कॉम्प्रेसर चालू स्थितीत असेल तर त्यात थोडे तेल घालून, दोन्ही तोंडे घट्ट बंद करून तो कोरड्या जागी ठेवावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी क्लचची तबकडी हाताने फिरवावी, म्हणजे शाफ्टचे सील सुकत नाही.