गावचं घर बंद करताना पाइप रिकामे करायचे का? हो, पण थंडीसाठी नाही

ताई, तुमचा प्रश्न वाचला. गुहागरचं घर गणपतीनंतर थेट शिमग्यापर्यंत बंद राहणार आणि अमेरिकेतला भाचा म्हणतोय की निघताना सगळी लाइन रिकामी करा, नाहीतर थंडीत पाइप फुटतील. तिकडचं त्याचं बरोबरच आहे. पारा शून्याखाली गेला की पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं, मग बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याला जायला जागाच राहत नाही आणि पाइप फाटतो. आपल्याकडे दापोलीत कितीही गारठा पडला तरी पाइपात बर्फ होत नाही. पण तरी लाइन रिकामी कराच.

कारण सांगतो. वरची टाकी भरलेली, लाइन चालू आणि घरात कोणी नाही, अशात एखादा जोड सुटला किंवा उंदराने प्लास्टिकचा पाइप कुरतडला तर हजार लिटर पाणी घरात. आणि ओल धरली की वाळवी आलीच, मग दाराच्या चौकटी गेल्या. त्यात मोटरला ऑटोमॅटिक लावलेलं असेल तर अजून वाईट, टाकी रिकामी होतेय आणि मोटर आपली भरतेय, विहिरीत पाणी आहे तोवर हे चालूच. म्हणून पहिलं काम मोटरचा एमसीबी (बोर्डावरचा सेफ्टी खटका) पाडणे, आणि पंचायतीचं नळपाणी असेल तर तो मेन कॉकही बंद.

मग टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा आणि घरातला सगळ्यात खालचा नळ उघडा, बहुतेक घरात तो मागीलदारी भांडी घासायच्या जागी असतो. आता इथे लोक थांबतात, पाणी यायचं बंद झालं म्हणजे लाइन रिकामी झाली असं समजतात. तसं नसतं. वरचे नळ बंद असतील तर हवा आत शिरत नाही आणि पाणी पाइपात तसंच लटकून राहतं, म्हणून न्हाणीतला शॉवर, बेसिन, गरम-थंड सगळे नळ उघडा, खालच्या नळाला परत भसकन धार येईल. फ्लश दाबून त्याची टाकी रिकामी करा. गीझर असेल तर आधी वीज बंद, पाणी गार होऊ द्या, मग खालचा इनलेट पाइप सोडवून काढा. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी लोह असतं, तसं असेल तर तांबूस गाळ पडेल, तो जाऊ द्या. सगळं थांबलं की नळ परत बंद करून टाका.

टाकीचं मात्र वेगळं, आणि इथे माझं मत ठाम आहे. टाकी रिकामी ठेवू नका. हजार लिटरची रिकामी प्लास्टिकची टाकी दोन माणसं सहज उचलतात, भरलेली एक टन असते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे छपरं उडाली तशा टाक्याही उडाल्या. आणि गणपतीनंतर वादळ येत नाही असंही समजू नका, फयान नोव्हेंबरातच आलं होतं, २००९ ला. तेव्हा टाकी भरलेली, खालचा व्हॉल्व्ह बंद, झाकण तारेने बांधलेलं (माकडं उघडतात हो, नुसतं ठेवून भागत नाही) आणि हवेच्या व ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी. जाळी नसेल तर डास झालेच, अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात.

न्हाणीच्या मोरीतला आणि कमोडमधला ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग, मात्र कोरडा करू नका. ते पाणीच शोषखड्ड्याचा वास आणि झुरळं अडवतं. तिकडे त्यात न गोठणारं द्रव्य ओततात, आपण निघताना तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे गोडेतेल सोडायचं म्हणजे लवकर आटत नाही आणि डासही होत नाहीत. खोबरेल नको, चोवीस डिग्रीच्या खाली ते थिजतं.

शिमग्याला आलात की घाईने मोटर चालू करू नका. बरेच महिने न चालवलेल्या मोटरचा पंखा आत गंजून धरतो, बटण दाबलं की नुसती घुमते आणि वाइंडिंग जळतं. एमसीबी पाडलेलाच ठेवून मागच्या बाजूला शाफ्टला स्क्रूड्रायव्हरची खाच असते ती हाताने फिरवून बघा, मोकळी फिरली की प्रायमिंगचं पाणी (पंपातली हवा काढायला आधी ओततात ते) भरा आणि मगच चालू. महिनोन्‌महिने साठलेलं टाकीतलं पाणी प्यायला घेऊ नका, झाडांना सोडा आणि टाकी घासून घ्या. गीझर मात्र गरम नळाला पाण्याची अखंड धार आल्याशिवाय लावू नका, आत पाणी नसताना चालू झाला तर कॉइल जळते.