ॲडऑन किती लावायचे ओ? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (वॉव) या ऑनलाइन गेमचा एका ओळीत उल्लेख केला होता, तेवढ्यावर प्रश्नांचा ढीग आला. आपल्या सीमाभागात एवढी पोरं हे खेळतात ते मला खरंच ठाऊक नव्हतं. बहुतेकांचं दुखणं एकच, ॲडऑन, म्हणजे गेमच्या स्क्रीनवर बटणं, पट्ट्या, नकाशे वाढवणारे छोटे प्रोग्राम. काही प्रश्न निवडलेत, नावं काढलीत, गावं ठेवलीत.

निपाणीहून: दादा, मी बीकॉमला आहे, तीन महिन्यांपूर्वी वॉव सुरू केलं. मित्रानं पेनड्राइव्हवर त्याचा अख्खा ॲडऑन फोल्डर दिला, साठच्या वर आहेत. आता गेम उघडेपर्यंत चहा पिऊन होतो, लढाईत स्क्रीन अडकते आणि निम्म्या खिडक्या कशाच्या आहेत तेच कळत नाही. लॅपटॉप जुना, रॅम 8 जीबी. कुठले ठेवू?

एकपण ठेवू नको. होय की, सगळे काढ. डिलीट करू नको, भीती वाटत असेल तर त्या फोल्डरचं नाव नुसतं बदलून ठेव, गेमला ते दिसणार नाहीत. मित्र त्याच्या कॅरॅक्टरला, त्याच्या सवयीला लागतंय ते लावत गेला असणार, दोन-चार वर्षांत साठ झाले, त्याला प्रत्येकाचं कारण माहीत आहे. तुला एकाचंही नाही. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून चालल्यासारखं होणारच.

आता पंधरा दिवस कोरा खेळ आणि शेजारी वही ठेव. हसू नको, मी खरंच सांगतोय. जिथं जिथं चिडचिड होईल तिथं एक ओळ लिही. "बॅगेत वस्तू सापडत नाही", "नकाशावर खूण करता येत नाही", "ऑक्शन हाऊसमध्ये वीस वस्तू विकायला अर्धा तास जातो" असं. पंधरा दिवसांनी ज्या ओळी तीन-चारदा आल्यात तेवढ्यांपुरते ॲडऑन शोध, एका चिडचिडीला एक. वहीत ओळ नाही त्याला जागा नाही.

कोरा खेळ म्हणतो त्याचं आणखी एक कारण आहे. लोक अजून जुन्या याद्या एकमेकांना देतात आणि त्यातलं बरंच गेममध्येच येऊन बसलंय. क्वेस्ट, म्हणजे गेमनं दिलेलं काम, नकाशावर कुठे आहे ते दाखवायला पूर्वी ॲडऑन लागायचा, 2009च्या 3.3 पॅचपासून (पॅच म्हणजे गेमचं अपडेट) गेम स्वतः दाखवतो. बटणांच्या पट्ट्या इकडेतिकडे सरकवायला बारटेंडर नावाचा ॲडऑन लावायचे, 2022मध्ये ड्रॅगनफ्लाइट या गेमच्या नव्या भागाच्या वेळी एडिट मोड आला, एस्केप दाबून मेनूतून उघड आणि माउसनं धरून हवं तिथं ठेव. सगळ्या पिशव्या एकत्र दाखवायची सोयही तेव्हाच आली. तरी मी बॅग्नॉन ठेवलाय, कारण दुसऱ्या कॅरॅक्टरच्या पिशवीत काय आहे ते इथं बसून दिसतं. माझी सात कॅरॅक्टरं आहेत, औषधी पाला कुणाकडे ठेवला ते माझ्या लक्षात राहत नाही. तुझं एकच असेल तर तुला बॅग्नॉनची गरज नाही.

माझ्याकडे आज काय आहे विचारशील तर बॅग्नॉन, विक्रीसाठी ऑक्शनेटर, नकाशावर बाण दाखवणारा टॉमटॉम, बारीकसारीक कामं आपोआप करणारा लेट्रिक्स प्लस (फालतू सामान दुकानदाराला विकून टाकणं वगैरे, हा एकटा दहा छोट्या ॲडऑनचं काम करतो), आणि बगसॅक-बगग्रॅबरची जोडी. ही जोडी दिसायला काहीच करत नाही, पण कुठला ॲडऑन बिघडला ते तीच सांगते, म्हणून लावायचीच तर सगळ्यात आधी ही लाव.

स्क्रीन अडकण्याबद्दल. मेनूच्या बटणावर माउस नेलास की कुठला ॲडऑन किती मेमरी खातोय ते दिसतं, आणि सगळे तिथंच फसतात, जास्त मेमरीवाला तो चोर असं धरून चालतात. तसं नसतंय. ज्यात मोठी यादी भरलेली आहे तो मेमरी घेऊन गप्प बसलेला असतो. खरं अडकवतो तो लढाईत क्षणाक्षणाला हिशोब करणारा, त्याची मेमरी थोडीच असली तरी. चोर धरायचा सोपा उपाय म्हणजे कॅरॅक्टर निवडायच्या स्क्रीनवर ॲडऑनची यादी उघडून निम्मे बंद करायचे, खेळून बघायचं, फरक पडला तर चोर त्या निम्म्यात, परत त्याचे निम्मे. साठ असले तरी सहा वेळांत सापडतो.

माझी गोष्ट सांगतो. शहापुरातल्या एका दुकानात कामाला होतो तेव्हा रात्री शटर अर्धं ओढून तिथल्या कॉम्प्युटरवर खेळायचो आणि चाळीसेक ॲडऑन लावून बसायचो, स्क्रीन बघून पोरं म्हणायची विमान चालवतोयस काय बे. एकदा गेममधल्या बॉसनं, म्हणजे मोठ्या शत्रूनं, पायाखाली आग टाकली, ती दिसलीच नाही, कारण बरोबर त्या जागेवर मी डॅमेज मीटर, म्हणजे कोण किती मारतोय ते मोजणारा ॲडऑन, ठेवलेला. मेलो. मीटरवर मात्र माझा पहिला नंबर होता.

खानापूरहून: दोन तास बसून ॲडऑनची सेटिंग लावली, पावसात करंट गेला, परत येऊन बघतो तर सगळं पहिल्यासारखं. हे तिसऱ्यांदा झालं. ॲडऑन खराब आहे का?

ॲडऑन चांगला आहे. खानापूरचा पाऊस आणि गेमची सवय यांचं जमत नाही एवढंच. तू सेटिंग बदलतोस ती तेव्हा फक्त मेमरीत असते, डिस्कवर लिहिली जाते ती लॉगआउट करताना, गेम नीट बंद करताना किंवा रीलोड करताना. मधेच करंट गेला किंवा गेम आपटला की तेवढं सगळं गेलं. म्हणून थोडं बदललं की चॅटमध्ये स्लॅश टाकून रीलोड लिहायचं आणि एंटर. दोन सेकंदांचं काम, पण जून ते सप्टेंबर हाताला सवयच लाव. गेमच्या फोल्डरमध्ये डब्ल्यूटीएफ नावाचा फोल्डर असतो, सगळ्या सेटिंग त्यात असतात. महिन्यातून एकदा त्याची कॉपी पेनड्राइव्हवर घेतलीस की लॅपटॉप गेला तरी सेटिंग जात नाहीत.

चिकोडीहून, एक आई: मुलगा बारावीला आहे. गेमच्या ॲडऑनसाठी आठशे रुपये मागतोय, मित्राच्या मित्राकडून घ्यायचा आहे म्हणतो. द्यावेत का? फसवणूक तर नाही?

ताई, देऊ नका. ॲडऑन विकायचा नसतो, हा गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डचाच नियम आहे आणि 2009पासून आहे. ॲडऑन फुकट द्यायचा, त्यातला कोड कुणालाही वाचता आला पाहिजे, गेमच्या आत जाहिराती आणि देणग्या मागायच्या नाहीत. त्यामुळे कुणी पैसे मागत असेल तर एकतर तो फुकटची वस्तू विकतोय, नाहीतर ॲडऑनच्या नावाखाली भलतंच काहीतरी देतोय.

पण पोराला लगेच खोटं ठरवू नका, शब्दांचा घोळ असू शकतो. एक्स्पान्शन म्हणजे गेमचा नवा भाग, त्याला पैसे पडतात, आणि महिन्याची वर्गणी असते ती वेगळी. तो त्यालाच ॲडऑन म्हणत असेल. नुसतं विचारा, "हे कंपनीकडून घ्यायचं की पोराकडून?" कंपनीकडून म्हणाला तर गोष्ट वेगळी, मग बारावीचं काय ते तुमचं तुम्ही बघा. आणि अजून वर्गणी भरलीच नसेल तर लेव्हल 20पर्यंत फुकट खेळता येतं, तेवढं करून बघ म्हणा आधी.

संकेश्वरहून: डीबीएम चांगला की बिगविग्स?

बॉस आता काय करणार त्याची आधी सूचना देणारे हे ॲडऑन, कुठलाही एक लाव. दोन्ही लावलेत तर दोघंही एकाच वेळी ओरडतात.

वडगावहून: मी हीलर आहे, म्हणजे टीममधल्या जखमींना बरं करतो. वीकऑराज या ॲडऑनवर माझा सगळा खेळ होता, आता तो मिडनाइट या गेमच्या नव्या भागात चालत नाही. खेळ सोडायच्या विचारात आहे.

दुःख कळतंय. झालंय असं की मिडनाइटपासून लढाईतली बरीच माहिती ॲडऑनला बंद पाकिटात मिळते. पाकीट स्क्रीनवर ठेवता येतं, फोडून आत काय आहे ते बघून "आता हे कर, तिकडे पळ" असं ठरवता येत नाही. वीकऑराजचं तर कामच ते होतं, म्हणून बनवणाऱ्यांनीच मिडनाइटसाठी पुढे करणार नाही असं सांगून टाकलं.

पण हे पहिल्यांदा होत नाही. 2006च्या शेवटी, बर्निंग क्रूसेड या पहिल्या एक्स्पान्शनच्या तोंडावर असंच झालेलं. तेव्हा डिकर्सिव्ह नावाचा ॲडऑन होता, एकच बटण दाबत राहायचं, कुणाला शाप लागलाय आणि कुठला मंत्र टाकायचा ते तोच ठरवायचा. 2.0 पॅचनं ते बंद केलं. तेव्हाही लोक म्हणाले आता हीलिंग संपलं. काही संपलं नाही.

माझं मत वेगळं आहे, पटणार नाही कदाचित. वीकऑराज लावलेले कितीतरी हीलर मी बघितलेत, त्यांना बॉस काय करतोय ते माहीतच नसायचं, आवाज आला की पळायचे. तुला तीच सवय लागली असेल तर महिनाभर त्रास होणार, मग डोळे परत कामाला लागतील. तोवर एडिट मोडमधून रेडच्या (मोठ्या टीमनं बॉस मारायच्या मोहिमेच्या) चौकटी, ज्यात प्रत्येक साथीदाराची तब्येत दिसते, त्या मोठ्या कर आणि स्क्रीनच्या मध्याजवळ आण, क्लिक कास्टिंग गेममध्येच आहे ते लाव, म्हणजे चौकटीवर क्लिक केलं की थेट मंत्र जातो. आणि 2025मध्ये गेमचा स्वतःचा कूलडाउन मॅनेजर, म्हणजे कुठला मंत्र परत कधी टाकता येईल ते दाखवणारा, आलाय, तो वीकऑराजएवढा नाही, पण चालतो.

अथणीहून: क्लासिक (गेमचं जुन्या काळातलं रूप) खेळतोय. इंग्लिश कच्चं आहे, क्वेस्टचा मजकूर वाचायचा कंटाळा येतो. क्वेस्टी ॲडऑन लावू का?

लाव. कुठे जायचं, कुणाला मारायचं, सगळे ठिपके नकाशावर येतात, क्लासिकमध्ये तो नसेल तर लोक अर्धा दिवस भटकतात. पण त्याच्याबरोबर इमर्शन लावून बघ. तो क्वेस्टचा कागद एकदम अंगावर फेकत नाही, समोरचा माणूस बोलतोय तसं एकेक तुकडा दाखवतो. मराठी तर सोडच, हिंदी भाषा पण या गेममध्ये नाही, पण आपण सीमाभागातले, दुकानाचा बोर्ड कन्नडमधला, बिल इंग्लिशमधलं आणि भांडण मराठीतलं अशात वाढलेलो, दोन-दोन ओळी इंग्लिश काय जड नाही. माझं निम्मं इंग्लिश गेमातल्या बुटक्यांनी शिकवलंय.

हिंडलग्याहून: एका अनोळखी खेळाडूनं चॅटमध्ये स्लॅश-रनपासून सुरू होणारी एक ओळ दिली, पेस्ट कर, गुप्त घोडा मिळेल म्हणाला. केली नाही. बरोबर केलं ना?

शंभर टक्के. 2016मध्ये हाच डाव चाललेला, ती ओळ टाकली की समोरचा तुमच्या गेममध्ये त्याला हवे ते हुकूम चालवू शकायचा, सोनं काढून घ्यायचे. नंतर ब्लिझर्डनं अशी ओळ टाकली की धोक्याची सूचना यायची सोय केली. साधा ॲडऑन तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फाइली वाचू शकत नाही, पण झिपमध्ये ईएक्सई फाइल दिसली की ती ॲडऑन नाही, उघडूच नका.

कॅम्पहून: पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) कमी करणारा ॲडऑन कुठला?

नसतोय तसला काही. भारतात या गेमचा सर्व्हरच नाही, युरोपात खेळा नाहीतर सिडनीत, तार दोन्हीकडे लांबच. ॲडऑन शोधण्यापेक्षा वेळ बघा. युरोपातला गिल्ड (खेळाडूंचा गट) रात्री आठला रेड ठेवतो तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. सिडनीचे रात्रीचे आठ म्हणजे आपले दुपारचे अडीच किंवा साडेतीन. आधी ठरवा, कारण युरोपातलं कॅरॅक्टर नंतर सिडनीला नेता येत नाही. मी युरोपात आहे, सकाळी दुकान उघडायला उशीर होतो, गिऱ्हाईक शटरपाशी उभं असतंय.