वाचकांचे प्रश्न : पुरवणी परीक्षा, समुपदेशन आणि शिष्यवृत्ती

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रथम वर्ष एमबीबीएसला आहे. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकलो. मुख्य परीक्षेत शरीररचनाशास्त्रात अनुत्तीर्ण झालो असून काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा आहे. घरी अजून सांगितलेले नाही. माझा खोलीतील मित्र आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संशोधन शिष्यवृत्तीची तयारी करीत आहे. अशा गोष्टींची चौकशी करण्याचेही तोंड मला उरलेले नाही, असे वाटते. – एक विद्यार्थी

उत्तर : आधी नियम पाहू, कारण वसतिगृहात नियमांपेक्षा अफवा अधिक फिरतात. आमच्या वेळी नापास झालेल्यांची वेगळी ‘ऑड बॅच’ होत असे. ती सहा महिने मागे राही आणि मेसमध्येही वेगळ्या टेबलावर जेवताना दिसे. आता पुरवणी परीक्षा मुख्य निकालानंतर लगेच घेतली जाते आणि तीत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आपल्याच तुकडीबरोबर दुसऱ्या वर्षात जातो. मात्र प्रथम वर्षासाठी एकूण चारच प्रयत्न मिळतात व पुरवणी परीक्षा हाही त्यातलाच एक असतो, म्हणून ती सहज घेण्यासारखी नाही.

मी अनेक वर्षे प्रथम वर्षाला शिकवले. मराठी माध्यमातून आलेली मुले शरीररचनेत मागे पडतात, ती बहुतेक वेळा विषय न कळल्यामुळे नव्हे. डिसेक्शन हॉलमध्ये प्रत्येक शीर बोटाने अचूक दाखवणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत पहिले वाक्य कुठून सुरू करावे या विचारातच अडकून बसलेला मी कितीदा पाहिला आहे. अभ्यासक्रमाच्या आरंभी असलेल्या फाउंडेशन कोर्समध्ये भाषेची आणि संगणकाची कौशल्ये समाविष्ट आहेत. अडचण एवढीच, की आपल्याला नेमके काय येत नाही हे मुलांना कळण्याच्या आतच तो संपलेला असतो. म्हणून आता पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचत बसू नका. रोज संध्याकाळी त्याच मित्राला समोर बसवून वीस मिनिटे मोठ्याने, इंग्रजीतून, चुकतमाकत उत्तरे द्या आणि प्रत्येक दीर्घोत्तराला हाताने आकृती काढा. विभागातील एखाद्या शिक्षकांना भेटून ‘माझे नेमके कुठे चुकते?’ असे विचारा आणि नमुने व हाडे पुन्हा हाताळण्यासाठी वेळ मागून घ्या. संकोच वाटेल, पण वीस जण आपल्याकडे यायला हवे होते आणि दोघेच आले, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना आहे.

घरी मात्र आजच सांगा. निकाल बाहेरून कळला, तर वडिलांना नापास होण्यापेक्षा लपवल्याचे दुःख अधिक होईल.

आता त्या शिष्यवृत्तीविषयी. आयसीएमआरची ‘शॉर्ट टर्म स्टुडंटशिप’ योजना १९७९ पासून चालू आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील एका शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली प्रस्ताव तयार करायचा, नीतिमत्ता समितीची मान्यता घ्यायची, दोन महिने काम करायचे आणि अहवाल पाठवायचा, असे तिचे स्वरूप आहे. प्रमाणपत्र आणि मानधन हाती येते ते अहवाल मंजूर झाल्यावरच, आणि निवड होते ती प्रस्तावाच्या गुणवत्तेवर. ज्याला गावातील दवाखान्याची वेळ आणि रुग्णांची वाट ठाऊक आहे, त्याला ‘रक्तदाबाच्या गोळ्या लोक मध्येच का सोडतात’ यासारखा प्रश्न शहरी मुलांपेक्षा लवकर सुचतो. या वर्षी मित्राच्या कामात मदत करून माहिती गोळा करण्याची पद्धत पाहून घ्या आणि दुसऱ्या वर्षी स्वतःचा अर्ज करा.

प्रश्न : माझी मुलगी मुंबईत एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला झोप येत नाही, ती फोनवर दोन शब्द बोलते आणि ठेवते. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याचे तिने स्वतःच सुचवले. परंतु असे काही कागदावर आले तर पुढे तिच्या नोंदणीत, नोकरीत किंवा लग्नात अडचण येईल, अशी भीती वाटते. – एक आई

उत्तर : तिने स्वतः सुचवले, ही मोठी गोष्ट आहे, तिला थांबवू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचाराविषयीची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर आणि रुग्णालयावर बंधनकारक आहे, आणि कायद्यात नमूद असलेले मोजके अपवाद वगळता ती तिच्या संमतीशिवाय कोणालाही देता येत नाही. ‘कोणालाही’ यात महाविद्यालय, नातेवाईक आणि सोयरिकीची चौकशी करणारेही आले.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी अहवाल दिला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत पदवीच्या २५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली आणि त्यांपैकी २७.८ टक्के जणांनी आपल्याला मानसिक आरोग्याचा त्रास असल्याचे नोंदवले. पाहणी ऐच्छिक असल्यामुळे हे प्रमाण सरसकट सर्वांना लावू नये, असे माझे मत आहे. तरीही तुमची मुलगी एकटी नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

एक खरी अडचण मात्र सांगितली पाहिजे. वैद्यकीय विद्यार्थ्याला स्वतःच्या रुग्णालयात मानसोपचार घेणे अवघड जाते, कारण तेथील डॉक्टर हेच तिचे शिक्षक असतात आणि बाह्यरुग्ण विभागातील रांगेत तिचेच सोबती काम करीत असतात. त्यामुळे तिला दुसऱ्या रुग्णालयातील किंवा खासगी तज्ज्ञांकडे जाऊ द्या. पहिले पाऊल म्हणून ‘टेलि-मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही, मराठीतून, विनामूल्य बोलता येते. तुम्ही स्वतः बोललात, तरी ते मार्गदर्शन करतील.

‘जगावेसे वाटत नाही’ अशा अर्थाचे ती काही बोलली, तर मात्र भेटीची वेळ मिळण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी तिच्याजवळ पोहोचा, तोवर तिला एकटे राहू देऊ नका आणि थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. तसे नसेल, तर या शनिवार-रविवारी डबा घेऊन भेटायला जा आणि परीक्षेचा विषय काढू नका.

प्रश्न : बहिणीला केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून वैद्यकीय प्रवेश मिळाला आहे. आम्ही इतर मागासवर्गातील असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. शुल्कात काही सवलत मिळते का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मिळते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. केंद्रीय प्रक्रियेतून झालेला प्रवेश ही त्याची अट आहे. अर्ज ‘महाडीबीटी’ या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर करावा लागतो. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा आणि आधार क्रमांक बहिणीच्या बँक खात्याशी जोडलेला आहे ना, हे तपासा. वसतिगृह आणि मेस यांचा खर्च या माफीत धरलेला नाही. त्यासाठी निर्वाह भत्त्याच्या योजना वेगळ्या आहेत आणि त्यांचा अर्जही स्वतंत्रपणे करावा लागतो. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षातील लिपिकांना प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात भेटून कोणती कागदपत्रे लागतील याची यादी घ्या, कारण शेवटच्या तारखेच्या सुमारास तेथे उभे राहायलाही जागा नसते.