साताऱ्यात फ्लॅटमध्ये राहतो, घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. रेस्क्यू संस्थेतून वर्षभराचा बॉर्डर कॉली मिक्स कुत्रा घ्यावा का?

घ्या, पण रोज सकाळी तासभर खरंच मोकळा असेल तरच. मेंढ्या वळणारी जात ही. नुसतं बसवून ठेवलं तर सोफा फाडेल आणि गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक स्कूटरवर भुंकेल. अजिंक्यताऱ्याची चढण उत्तम, मात्र पट्टा सोडू नका. वाटेत शेळ्या दिसल्या की तुमचं कोण ऐकतंय! एप्रिल-मेमध्ये डांबर तापायच्या आत घरी परत या.

नुसतं पळवून भागत नाही, डोक्यालाही काम लागतं. थोडं खाणं जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या, हुंगून शोधू दे.

मुलगा पळाला की कुत्रा त्याच्या टाचेला तोंड लावेल. राग नसतो तो, कळप वळवायची उपजत सवय असते. मुलाला जागच्या जागी थांबायला शिकवा आणि दोघांना एकटं सोडू नका.

महत्त्वाचं म्हणजे, कॉली रक्ताच्या काही कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो. त्यांना आयव्हरमेक्टिन या परजीवी मारणाऱ्या औषधाचा मोठा डोस जिवावर बेततो. गोचिडांसाठी कुणी सांगितलं म्हणून परस्पर इंजेक्शन टोचून आणू नका, डॉक्टरांना जात आधी सांगा.

रेबीजच्या लसीचं कार्ड आणि नसबंदीचा कागद संस्थेकडून घ्या. जमलं तर आधी आठवडाभर फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, ठेवून बघा.