मार्क आणि मोबाईल सोडून अजून काय बघायचं?

तुमचा मुलगा नववीत, त्याच्याच वर्गातल्या एकाने जीव द्यायचा प्रयत्न केला आणि वाचला, आता आपल्या मुलात नेमकं काय बघायचं असं तुम्ही विचारलंय. पुण्यातल्या शाळांमध्ये काउन्सेलर म्हणून बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पेपरात येतं ना, कमी मार्क पडले म्हणून, आई रागावली म्हणून, ते बहुतेक वेळा शेवटचं निमित्त असतं. त्याच्या आधी डिप्रेशन, घरातली मारझोड नाहीतर बापाची दारू, कुणी केलेलं लैंगिक शोषण, वर्गात रंगावरून, जातीवरून, बायकी चालतो म्हणून चिडवणं, यातलं काहीतरी महिनोन्महिने साचलेलं असतं आणि मग चारचौघांत झालेला एखादा अपमानसुद्धा पुरतो. एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, २०२२ चे आकडे बघा, १८ च्या आतल्या मुलांमध्ये परीक्षेतल्या नापाशीपेक्षा घरगुती कारणं बरीच पुढे आहेत. म्हणजे क्लास बंद केला की झालं, असं नाहीये.

सगळ्यात जास्त धोका कुणाला, तर ज्याने आधी एकदा प्रयत्न केलाय किंवा जो स्वतःला इजा करून घेतो त्याला. आणि नेमकं इथेच घरचे म्हणतात, नाटकं आहेत, लक्ष वेधून घ्यायला करतेय. अहो, लक्ष वेधायला एवढ्या थराला जावं लागतंय हेच पुरेसं आहे की डॉक्टरकडे न्यायला! घरात आधी कुणी आत्महत्या केली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, आपल्याकडे ते हमखास लपवतात.

दुसरं म्हणजे या वयात डिप्रेशन रडक्या चेहऱ्यानेच येतं असं नाही. चिडचिड, दारं आपटणं, झोप उडणं, क्रिकेट एकदम सोडून देणं, आवडत्या वस्तू मित्रांना वाटून टाकणं, 'मी नसलो तर बरं होईल' असं हसत हसत बोलणं. मुलगे तर भांडणातूनच दाखवतात, आणि आपण त्याला माजलाय म्हणतो.

शंका आली तर सरळ विचारा, 'जगूच नये असं वाटतं का रे कधी?' विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे, उलट मुलं मोकळी होतात. जेवणाच्या ताटावर सगळ्यांसमोर नका विचारू, दोघंच असताना विचारा आणि उत्तर आलं की लगेच लेक्चर सुरू करू नका. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. घरातली औषधं, गावाकडे शेतीची औषधं कुलपात टाका, कारण पोरांमध्ये ही उबळ पुष्कळदा थोड्या वेळाची असते, तेवढा वेळ निघाला की जीव वाचतो.

पोलिस केस होईल म्हणून काहीजण दवाखान्यातच नेत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा नाही, उपचार द्यायचेत असंच धरलंय आणि असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम, १ जुलै २०२४ पासून इंडियन पीनल कोडच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलंच नाही.

आता तुमच्या मुलाचं. वर्गात असं घडलं की आधीच खचलेल्या दुसऱ्या मुलांनाही धोका वाढतो, म्हणून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कसं केलं, का केलं याची चर्चा ताबडतोब थांबवा (आपल्या ग्रुपांना ते जमेल का देव जाणे). तो मुलगा शाळेत परत येईल तेव्हा त्याला कुणी खोदून विचारू नये, एवढं लेकाला सांगा.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, पालकांनीही करावा. पुण्यात ससून या सरकारी हॉस्पिटलला मानसोपचार ओपीडी आहे. आणि पुढच्या पालक सभेत काउन्सेलर कोण आहे ते विचारा, सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की १०० किंवा जास्त मुलं असलेल्या शाळेत एक तरी हवा, पीटीच्या सरांना जादा काम म्हणून दिलेला चालत नाही.